दाराबाहेरची उत्तरं

आमच्या समोरच्या दिघेकाकांच्या घरात शिरायचं असेल, तर दार सताड उघडं असलं तरी टकटक करावी लागते. मग "मे आय कम इन, सर?" असं विचारायचं. आतून "येस, प्लीज" आलं की आत जायचं, पण बसायचं नाही. काका "टेक युवर सीट" म्हणेपर्यंत उभं राहायचं, आणि बसल्यावर "थँक यू, सर" म्हणायला विसरायचं नाही. हा नियम सगळ्यांना सारखा. गॅसवाला खांद्यावर सिलेंडर घेऊन दारात उभा राहतो आणि म्हणतो, "मे आय कम इन सर, जल्दी बोलो, वजन है."

एकदा त्यांच्याकडे नळ दुरुस्त करायला प्लंबर आला होता. तो मोरीत वाकून पाना फिरवत असताना काकांनी त्याला मागून विचारलं, "व्हेअर डू यू सी युवरसेल्फ इन फाइव्ह इयर्स?" अर्थ हिंदीत समजावून सांगावा लागला. प्लंबरने मान वर न करता उत्तर दिलं, "यहीं, काका. आपका ये नल तब तक दो बार और बिगड़ेगा."

काकांना उत्तर फार आवडलं. "दूरदृष्टी आहे," ते मला म्हणाले, "आणि कंपनी सोडून जाणार नाही."

मी हिशेबाचा माणूस आहे. एका खासगी फर्मचे हिशेब पाहतो आणि ऐकीव गोष्ट लिहीत नाही. वरच्या दोन्ही प्रसंगांना मी हजर होतो.

काकांची सगळी नोकरी इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एका पंपाच्या कारखान्यात गेली. ऑफिसात ते अटेंडंट होते. कारखान्यात भरती निघाली की साहेबांच्या केबिनबाहेर स्टूल टाकून बसायचं, एकेकाचं नाव पुकारायचं, उमेदवाराला पाणी द्यायचं, हे त्यांचं काम. त्यांनी स्वतः मात्र जन्मात एकही इंटरव्ह्यू दिलेला नाही. त्यांच्या वडिलांनी मालकांच्या कानावर घातलं आणि दुसऱ्या दिवशी हे कामावर हजर झाले, इतकंच.

आत साहेब हळू आवाजात बोलायचे आणि उमेदवार घाबरून मोठ्याने. त्यामुळे काकांच्या कानावर वर्षानुवर्षं उत्तरं पडली, प्रश्न फारसे पडले नाहीत. इंग्रजीची शेकडो वाक्यं त्यांना तोंडपाठ आहेत, पण कुठलं कशाचं उत्तर, हे त्यांनी घरी बसून अंदाजाने जुळवलं आहे. "आय ऑलवेज मीट माय डेडलाइन्स" हे त्यांच्या मते, ऑफिसला बसने येणार की स्वतःच्या गाडीने, या प्रश्नाचं उत्तर. पगार किती अपेक्षित आहे असं विचारलं, तर "सर, आय अ‍ॅम ईगर टू लर्न" म्हणायचं. मी बरीच वर्षं पगारपत्रकं करतो आहे. हे उत्तर त्या प्रश्नाला चुकीचं आहे, असं मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

रिटायर झाल्यावर ही सगळी वाक्यं घरात आली. नळाला नर्मदेचं पाणी एखाद्या दिवशी आलं नाही की काका गॅलरीतून जाहीर करतात, "ड्यू टू सर्कमस्टन्सेस बियाँड अवर कंट्रोल." माझ्या बायकोने, वीणाने, एकदा साबुदाण्याची खिचडी पाठवली. कशी झाली म्हणून विचारलं तर म्हणाले, "देअर इज स्कोप फॉर इम्प्रूव्हमेंट." त्यानंतर वीणाने पुष्कळ दिवस समोर काही पाठवलं नाही. शेवटी काका स्वतःच आले, दारात टकटक केली आणि म्हणाले, "वीणा, आय वुड लाइक टू री-अप्लाय."

सकाळी कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याकडेही हेच. भरलेली प्लेट हातात, वर जीरावन मसाला भुरभुरलेला, आणि काकांचा सवाल, की शेजारचा पोहेवाला सोडून मी तुमच्याकडेच का खावं, एक कारण द्या. पोहेवाला म्हणाला, "भिया, बगलवाला आज बंद है." काका मला म्हणाले, "प्रामाणिक आहे. पण असं बोलून सिलेक्शन होत नाही."

कॉलनीतल्या मुलामुलींना इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं की घरची माणसं त्यांना आधी खजरान्याच्या गणपतीला नेतात आणि मग काकांकडे पाठवतात. काका राजवाड्याजवळच्या शिंप्याकडून शिवून घेतलेला काळा कोट चढवतात. खाली पायजमाच असतो, कारण हल्ली इंटरव्ह्यू कॅमेऱ्यावर होतात आणि टेबलाखालचं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी सवड असली की त्यांच्या उजव्या हाताला बसतो. खुर्चीवर बसलं की मी सुधाकर राहत नाही, सुधाकरराव होतो, आणि काका मला अहोजाहो करतात. यातल्या बऱ्याच मुलांना नोकऱ्या लागल्या. त्या काकांमुळे लागल्या, की काका असूनही लागल्या, हे मला सांगता येत नाही.

काकांच्या घरात आता दोनच माणसं होती, ते आणि त्यांची सून मंजिरी. काकू जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मुलगा सलील कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेला. लग्नाला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. मंजिरीच्या माहेरच्यांनी तिला न्यायला माणूस पाठवला होता. ती म्हणाली, आत्ता नको, बाबांच्या जेवणाचं काय? ते "आत्ता" तसंच लांबत गेलं.

मंजिरी बी.कॉम. आहे. जवळच्या एका लहान मुलांच्या शाळेचं ऑफिस ती सांभाळायची. यंदा शाळावाल्यांनी सांगितलं, की हे सत्र संपलं की शाळा बंद. तिने चार ठिकाणी अर्ज टाकले. एका माल वाहतुकीच्या कंपनीच्या बिलिंग विभागातून बोलावणं आलं. पगार शाळेपेक्षा कितीतरी चांगला, पुढे वाढायला जागा. तिची तिशी उलटली होती. ही नोकरी लागली तर तिचं आयुष्य मार्गाला लागेल, हे काकांना कळत होतं, आम्हालाही कळत होतं. काकांनी त्याच संध्याकाळी कपाटातून कोट काढला.

मंजिरी स्वयंपाकघरात होती. पण उमेदवार स्वयंपाकघरातून येत नाही, म्हणून तिला मागच्या दाराने बाहेर जाऊन, बोळातून फिरून, पुढच्या दारावर टकटक करावी लागली. डावीकडे वीणा, उजवीकडे मी, मध्ये काका.

"टेल मी अबाउट युवरसेल्फ, मिसेस दिघे."

"बाबा, दूध तापायला ठेवलंय. मतलब, सर."

वीणा उठून गॅस बंद करून आली आणि पुन्हा गंभीर चेहऱ्याने बसली. मग रीतसर सुरू झालं. मंजिरीचं इंग्रजी साधं पण स्वच्छ आहे. काकांच्या जोडाजोडीतलं कुठलं उत्तर घ्यायचं आणि कुठलं नुसतं ऐकून सोडून द्यायचं, हे तिला बरोबर कळायचं. काकांनी विचारलं, व्हॉट इज युवर वीकनेस? ती म्हणाली, "सासरे, सर."

"बी प्रोफेशनल, मिसेस दिघे," काका म्हणाले. पण त्यांना हसू आवरेना. पाणी पिण्याच्या निमित्ताने त्यांनी तोंड फिरवलं.

माझी पाळी आली. त्या कंपनीचं मुख्य ऑफिस पुण्याला आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून मी सरळ विचारलं, "आर यू विलिंग टू रीलोकेट?"

मंजिरी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "हा प्रश्न विचारत नाहीत."

मी म्हटलं, "काका, हल्ली सगळीकडे विचारतात."

"या कंपनीत नाही विचारत. नेक्स्ट क्वेश्चन, सुधाकरराव."

कुठलाही प्रश्न काकांनी असा गाळलेला मी तोवर पाहिला नव्हता. वीणाने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. मी टॅलीबद्दल काहीतरी विचारलं आणि आम्ही उठलो.

बुधवारी इंटरव्ह्यू झाला. मंजिरी दुपारी घरी आली आणि काकांना म्हणाली, बरा झाला, कळवतो म्हणालेत. संध्याकाळी कढीलिंब न्यायला आमच्याकडे आली, तेव्हा तिने वीणाला खरं काय ते सांगितलं. त्यांना ती पसंत होती. पण पहिली दोन वर्षं पुण्यात काढावी लागतील, मग इंदूरचं पाहू, असं ते म्हणाले. तयार आहात का, असं विचारलं तेव्हा ही म्हणाली, नो सर. तिथल्या बाई भल्या होत्या. शुक्रवारी पुण्याच्या साहेबांशी कॅमेऱ्यावर बोलणं ठेवलंय, तोवर नीट विचार करा, असं त्यांनी सांगितलं. मंजिरीचा विचार झालेला होता. बाबांना बोलू नका, एवढंच तिचं म्हणणं.

गुरुवारी सकाळी मी ऑफिसला निघण्याच्या तयारीत असताना काका आमच्याकडे आले. टकटक केली नाही, काही विचारलं नाही, आत येऊन खुर्चीवर बसले.

"सुधाकर, मंजूला काय विचारलं तिथं?"

मी म्हटलं, तिलाच विचारा.

"ती खोटं सांगते. मी काल गेलो होतो तिच्या मागे. समोरच्या टपरीवर चहा घेत उभा होतो. ती काचेचं दार लावून बाहेर आली, आणि हँडल धरून उभीच राहिली. मी आयुष्यभर बाहेर येणारी माणसं पाहिलीत, भिया. ज्याला नोकरी मिळाली नाही तो हँडलला हात लावून ठेवत नाही, चालायला लागतो. जो मिळालेली सोडून येतो ना, तो असा उभा राहतो."

तोंडावर खोटं बोलणं मला जमत नाही. जे ऐकलं होतं ते सांगितलं. वीणा आतून बाहेर आली आणि तिथेच थांबली.

काका खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "तू विचारलंस, तेव्हा मी अडवलं."

"हो."

"मला वाटलं, मी शिकवलं नाही तर कुणी विचारणारही नाही." त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले आणि उठले. "संध्याकाळी पॅनेल आहे. सहा वाजता. वीणालाही आण."

सहाला आम्ही गेलो. काकांनी कोट घातला होता, आणि त्या दिवशी खाली पँटही होती. मंजिरीला त्यांनी सांगितलं होतं की दुसऱ्या कंपनीसाठी सराव करायचा आहे. ती बोळातून फिरून आली, टकटक केली, बसली, थँक यू म्हणाली. काकांनी इकडचं तिकडचं काही विचारलंच नाही.

"मिसेस दिघे, आर यू विलिंग टू रीलोकेट?"

मंजिरीने आधी वीणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी टेबलाकडे पाहिलं.

"बाबा, हे काय?"

"कँडिडेट विल प्लीज आन्सर इन इंग्लिश."

"नो, सर."

"रीझन?"

"पर्सनल, सर."

काकांनी चष्मा काढला. "पर्सनल म्हणजे मी ना?"

काकांनी चष्मा परत लावला आणि म्हणाले, "हा प्रश्न कंपनीचा नव्हता. कट करा. पुन्हा घेऊ."

त्यांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा नो म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला. इथे मला काय कमी आहे, बाबा? इंदुरात नोकऱ्या संपल्यात का? तुम्हाला साधा चहा करता येत नाही, गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, आणि मी तिथे जाऊन दुसऱ्यांची बिलं करू? काकांनी सगळं ऐकून घेतलं. सवयीने मध्येच "आय अंडरस्टँड युवर कन्सर्न" असं म्हणूनही टाकलं. त्याने ती आणखी चिडली.

मग काकांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. कोटाशिवाय ते पॅनेलवर बसल्याचं मला आठवत नाही.

"सलील असता, तर तुम्ही दोघं गेला असतात की नाही?"

ती कोटाकडे पाहत राहिली.

"गेला असतात. मी स्टेशनवर सोडायला आलो असतो, आणि घरी येऊन चार दिवस रडलो असतो. तुम्हाला अडवलं असतं का मी?"

"तेव्हाचं वेगळं होतं, बाबा."

"वेगळं काहीच नव्हतं. तो असता तरी मी असाच म्हातारा झालो असतो. मंजू, मी कारखान्यात दाराबाहेर बसून राहिलो. आत कधी गेलो नाही. तुला कुणीतरी आत बोलावतंय, आणि तू माझ्याबरोबर बाहेर स्टुलावर बसून राहणार?"

वीणा उठून गॅलरीत गेली. मलाही जावंसं वाटलं, पण पॅनेल मोडलं असतं.

मंजिरीने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "दर महिन्याला मी येणार. रात्रीच्या बसने. ते ठरलं तरच."

"ते कंपनीशी बोला," काका म्हणाले, आणि कोट पुन्हा चढवला. एक हात बाहीत जाईना, मी मदत केली. "आर यू विलिंग टू रीलोकेट, मिसेस दिघे?"

"येस, सर."

"आवाज कापला. पुन्हा."

"येस, सर. आय अ‍ॅम विलिंग."

"अजून थोडा कापतोय. पुन्हा."

तिसऱ्यांदा तिचा आवाज कापला नाही. काका "व्हेरी गुड" म्हणाले. त्यांचाच कापला, पण ते कुणी बोललं नाही.

शुक्रवारी तिने तेच उत्तर दिलं. नोकरी लागली. पुढच्याच्या पुढच्या रविवारी आम्ही सगळे तिला पुण्याच्या बसवर सोडायला गेलो. काका आधी ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले आणि त्याला विचारलं, "एनी प्रीव्हियस एक्सपीरियन्स?" ड्रायव्हर म्हणाला, "काका, आप बैठो तो सही, दिखा देता हूँ." मंजिरी हसली. बस हलली तेव्हाही ती हसतच होती, की तसं मला वाटलं. काच काळी होती. काका बस वळेपर्यंत ताठ उभे होते. परत येताना गाडीत एक शब्द बोलले नाहीत, ना मराठी, ना इंग्रजी.

वीणाने त्यांना सांगितलं, दोन्ही वेळा डबा आमच्याकडून येईल. काकांनी साफ नाकारलं. रविवारी सणासारखं जेवायला येईन म्हणाले, बाकीचे दिवस स्वतः करीन. बाजारातून ते एक नवा कुकर घेऊन आले. आधीचा मंजिरीने वापरलेला होता, तो त्यांनी पुसून वर फळीवर ठेवून दिला.

तीन-चार दिवसांनी संध्याकाळी मी लोणच्याची बरणी द्यायला गेलो. टकटक केली, परवानगी घेतली, आत गेलो. काका स्वयंपाकघरात होते. अंगात बनियन, ओट्यावर डाळ सांडलेली, गॅसवर कुकर नुकताच चढवलेला. एका हातात फोन. पलीकडून मंजिरी बोलत होती. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता. जेवणाचं काय करता, खरं सांगा, वीणाकाकूंना विचारेन मी, सगळं जमतंय ना.

"येस, मॅडम," काका मोठ्याने म्हणाले. "आय कॅन वर्क इंडिपेंडंटली."

मग त्यांनी फोनवर तळहात घट्ट दाबून धरला, माझ्याजवळ सरकले आणि अगदी हळू विचारलं, "सुधाकर, तुरीच्या डाळीला शिट्ट्या किती?"

मी तीन बोटं दाखवली. त्यांनी मान हलवली, तळहात काढला आणि तेच वाक्य फोनवर पुन्हा म्हटलं, या वेळी जरा हळू.